जुन्या स्लेडचा आयडल बसत नाहीये? आयडल स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा

पहिला बरा बर्फ पडला की मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारियो साइडच्या आपल्या मंडळींचे तेच तेच प्रश्न चालू होतात. कुणाकडून तरी जुनी पोलारिस इंडी नाहीतर आर्क्टिक कॅट स्लेड (म्हणजे स्नोमोबाइल, बर्फावर ट्रॅकच्या पट्ट्यावर चालणारी गाडी) स्वस्तात उचललेली असते, बघायला गेलो तेव्हा मस्त चालत होती म्हणतात, आणि आता घरी आणल्यावर चोक बंद केला की मरते, किंवा आयडलला (थ्रॉटल न दाबता, हळू) थांबते पण थ्रॉटल दाबला की भप्प करून बसते, किंवा एकदम उलटं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली यायलाच तयार नाही. आणि मग पहिला उद्योग काय, तर आयडल स्क्रू पिळायचा. थोडा पिळला, जरा बरं वाटलं, अजून थोडा पिळला, आता स्लेड उभ्या उभ्या पुढे सरकायला लागली.

तो स्क्रू करतो काय ते बघा. तो फक्त कार्बमधली (कार्ब्युरेटरमधली) स्लाइड, म्हणजे थ्रॉटलने वर-खाली होणारी हवेची झडप, खालून थोडी वर उचलून धरतो, बाकी काही नाही. पेट्रोल कमी येतंय का, हवा कुठून चोरून आत शिरतीये का, चोक नीट बसतोय का, यातलं त्याला काहीच कळत नाही. त्यामुळे खरा फॉल्ट झाकला जातो आणि वर क्लचचं नवीन दुखणं मागे लागतं, कारण बहुतेक स्लेडचा आयडल साधारण १५०० ते २००० आरपीएम असतो आणि क्लच ३५००-४००० च्या आसपास ट्रॅक फिरवणारा बेल्ट पकडायला लागतो, तुम्ही आयडल त्याच्या जवळ नेऊन ठेवलात की बेल्ट सतत घासत राहणार.

हे सगळं टू-स्ट्रोक आणि कार्बवाल्या स्लेडबद्दल चाललंय, फ्युएल इंजेक्शनवाल्यांचा रोग वेगळा, औषध वेगळं. ज्यांनी कॉलेजात आरएक्स १०० वापरली त्यांना यातलं अर्धं आधीच येतंय, कारण तिच्यात मिकुनीचा व्हीएम २० कार्ब होता आणि १९८०-९० च्या दशकातल्या कितीतरी स्लेडवर त्याच सिरीजचे मोठे कार्ब बसतात, व्हीएम ३४, व्हीएम ३८ वगैरे. फरक एवढाच की इथे सिलिंडर दोन (कधी तीन), म्हणून कार्बही तेवढेच, आणि ते एकमेकांशी जुळलेले लागतात. अर्धी भानगड तिथेच असते.

कार्ब खोलायच्या आधी

इंजिन चालू करून काम करायचं असेल तर गॅरेजचं दार पूर्ण उघडं पाहिजे, शक्यतो स्लेड बाहेरच काढा. बाहेर उणे वीस आहे म्हणून दार बंद करून टू-स्ट्रोक चालवणारे लोक मी बघितलेत, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो एवढं लक्षात असू द्या. गॅस हीटर, वॉटर हीटरची पायलट फ्लेम जवळ असेल तिथे पेट्रोल उघडायचं नाही. ट्रॅक स्टँडवर उचलला असेल तर मागे कुणीही उभं राहायचं नाही, पोरं तर अजिबात नाहीत, ट्रॅकमधून उडालेला दगड किंवा स्टड गोळीसारखा येतो. बेल्ट काढून इंजिन रेस करायचं नाही.

मग प्लग काढा. बऱ्याच स्लेडला एनजीकेचे बीआर ८ ईएस नाहीतर बीआर ९ ईएस लागतात, नक्की कुठला ते मॅन्युअलमध्ये किंवा हुडखालच्या स्टिकरवर असतं. जुना प्लग पुसून परत लावत बसू नका, नवीन जोडी आणा, त्यात पैसे वाचवण्यासारखं काही नाही. पण जुने प्लग फेकायच्या आधी शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखेच काळे-ओले असतील तर प्रॉब्लेम दोघांना कॉमन आहे (चोक, पेट्रोल, एअरबॉक्स), एकच ओला आणि दुसरा कोरडा पांढरट असेल तर एकाच कार्बकडे किंवा एकाच सिलिंडरकडे जायचं. एवढ्यावर तुमचा अर्धा दिवस वाचतो.

कॉम्प्रेशन गेज ऑटो पार्ट्सच्या दुकानातून आणा, काही दुकानं डिपॉझिटवर वापरायला पण देतात. दोन्ही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा यायला पाहिजे, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कार्ब साफ करून काही मिळणार नाही, आधी पिस्टन-रिंग बघा. दोरी ओढताना थ्रॉटल पूर्ण दाबलेला पाहिजे नाहीतर आकडा खोटा येतो, आणि किल स्विच दाबून प्लग त्यांच्या वायरसकट इंजिनच्या बॉडीला टेकवून ठेवा.

एअरबॉक्स, म्हणजे कार्बला हवा पुरवणारा डबा, उघडा. हसू नका, उन्हाळाभर शेडमध्ये पडलेल्या स्लेडच्या एअरबॉक्समध्ये उंदराचं घरटं सापडणं ही अगदी कॉमन गोष्ट आहे, सीटमधला फोम कुरतडून आत गादी केलेली असते. ते काढा, आणि नंतर ट्यूनिंग करताना एअरबॉक्स परत लावूनच करा. एअरबॉक्स काढलेला असला की हवा जास्त जाते, मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), त्या अवस्थेत सेट केलेला आयडल बॉक्स लावल्यावर चुकीचाच निघणार.

आणि पेट्रोल. मागच्या सीझनचं पेट्रोल टाकीत असेल तर आधी तेच काढून टाका. मिनेसोटात साध्या पंपावर जे ८७ ऑक्टेनचं मिळतं त्यात साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं, महिनोनमहिने पडून राहिलं तर पाणी खाली वेगळं बसतं आणि कार्बच्या बाउलमध्ये (तळाच्या पेट्रोलच्या वाटीत) जाऊन गोठतं. बऱ्याच पंपांवर नॉन-ऑक्सिजनेटेड, म्हणजे बिनइथेनॉलचा, म्हणून ९१ चा वेगळा नोझल असतो, स्नोमोबाइल, बोटी, जुन्या गाड्या यांच्यासाठीच असं त्यावर लिहिलेलं असतं, जुन्या स्लेडला तेच घाला.

चोकची टेस्ट

आता खरी टेस्ट. इंजिन गरम होऊ द्या, आयडलला जेवढं चालतंय तेवढं चालू द्या, आणि चोक हळूच थोडासा ओढा.

आरपीएम वर गेला किंवा इंजिन सुधारलं, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त जातीये, म्हणजे लीन. चोक ओढल्यावर अजून बिघडलं, गुरगुरायला लागलं, धूर वाढला, तर आधीच पेट्रोल जास्त आहे, म्हणजे रिच. इथून पुढे दोन वेगळे रस्ते. लीनवाल्याकडे आज लगेच लक्ष द्या, कारण रिच स्लेड फार तर प्लग खाते, लीन स्लेड पिस्टन खाते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोल-हवेबरोबरच आत जातं, चार्जमध्ये हवा जास्त झाली की पिस्टन तापतो आणि वर भोक पडतं नाहीतर सीझ होतं, ते सुद्धा गावापासून लांब ट्रेलवर.

रिच असेल तर

सगळ्यात आधी चोकचा प्लंजर. या कार्बमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पाकळी नाही, ती पेट्रोलची एक वेगळी वाट असते आणि पितळी प्लंजर खाली बसून ती बंद करतो. केबल ताणलेली असेल, आत गंज असेल किंवा प्लंजरच्या तळाचं रबर झिजलं असेल तर वाट पूर्ण बंदच होत नाही आणि स्लेड दिवसभर अर्धा चोक लावल्यासारखी चालते. लिव्हर बंद असताना केबलमध्ये थोडी ढील जाणवली पाहिजे. दोन कार्बपैकी एकाचाच प्लंजर अडकला असेल तर एकच प्लग काळा येतो, वर सांगितलं ते इथे कामाला येतं.

मग फ्लोटची सुई (बाउल भरला की पेट्रोल बंद करणारी) आणि तिची सीट. सुईच्या टोकाला गोल चर पडलेली दिसली की बदला, सीट पण सोबतच. फ्लोटची उंची बघायला कार्ब उलटा धरा, व्हीएम मध्ये फ्लोटचा पितळी हात बाउल जिथे बसतो त्या कडेला समांतर पाहिजे. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर फॉल्ट नव्वद टक्के इथेच आहे.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे फ्युएल पंप. या स्लेडचा पंप इलेक्ट्रिक नसतो, क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर चालतो, एक बारीक नळी क्रँककेसपासून पंपापर्यंत येते. पंपाचा पडदा फाटला की त्याच नळीतून कच्चं पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं आणि एक सिलिंडर कायम ओला राहतो, तुम्ही कार्ब कितीही साफ करा. ती नळी काढून बघा, आत पेट्रोल दिसलं तर पंपाचं किट आणा. नळी नुसती कडक होऊन चिरली असेल तर उलटं होतं, पंप नीट चालत नाही आणि स्लेड लीन होते.

लीन असेल तर

दोनच मोठे संशयित: पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा बारीक छिद्राचा तुकडा) बुजलेला किंवा हवेची गळती. गळती आधी शोधा.

कार्ब आणि इंजिनच्या मध्ये रबराचा बूट असतो. वरून एकदम ठीक दिसतो, हाताने वाकवला की आतली चीर उघडते. क्लॅम्प घट्ट आहेत का बघा, कार्ब त्यात पूर्ण आत बसलाय का बघा. इंजिन चालू ठेवून बुटाभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारायची जुनी ट्रिक आहे, आरपीएम बदलला तर गळती तिथेच. ट्रिक चालते, पण समोरच तापलेला पाइप असतो, तेव्हा मोकळ्या हवेत, अगदी थोडा फवारा, अग्निशामक हाताशी, आणि बेल्टवर उडू द्यायचं नाही. मला स्वतःला प्रेशर टेस्ट जास्त पटते, इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करायचं, पल्स नळीचं (क्रँककेसपासून पंपाकडे जाणाऱ्या त्या बारीक नळीचं) तोंड पण बंद करायचं, हातपंपाने साधारण ६-७ पीएसआय हवा भरायची आणि सुई टिकते का बघायची. खाली येत असेल तर साबणाचं पाणी लावत जा, बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. क्रँकच्या दोन्ही टोकांना सील असतात, क्लचकडचा आणि मॅग्नेटोकडचा, त्यातला एखादा गेला असेल तर आयडल वर अडकून राहतो, थ्रॉटल सोडला तरी तीन-चार हजारावर तरंगत राहतो. हे लक्षण दिसलं की स्लेड चालवायची थांबवा, सील बदलून होईपर्यंत ट्रेलचं नाव काढायचं नाही.

गळती नाही सापडली तर मग कार्ब काढा.

कार्ब साफ करणं

मिकुनीचे स्क्रू जपानी पद्धतीचे असतात, साध्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरने त्यांची डोकी गोल होतात, जेआयएसचा ड्रायव्हर आणा, दहा-पंधरा डॉलरला येतो. काढायच्या आधी फोटो काढा, डावा कार्ब-उजवा कार्ब मिसळू देऊ नका, काही इंजिनला दोन बाजूंना जेटचे नंबरच वेगळे असतात. एअर स्क्रू (आयडलची हवा कमी-जास्त करणारा) काढण्याआधी आत किती वेटोळे जातो ते मोजून लिहून ठेवा, हलक्या हाताने, टेकला की थांबायचं, जोर लावला तर टोक बसतं आणि सीट खराब होते.

पायलट जेट, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला स्लो जेट म्हणतात तो, बाउल काढला की मेन जेटच्या बाजूला एका खोल भोकात असतो. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, म्हणून सगळ्यात आधी तोच बुजतो. काढून उजेडाकडे धरा, एकदम गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे, अंधुक किंवा वेडावाकडा दिसला तर बुजलेलाच समजा. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फारच हट्टी असेल तर गिटारची सगळ्यात बारीक तार नाहीतर वायरचा एक धागा, पण ड्रिल बिट किंवा सुई घालून छिद्र मोठं करायचं नाही. खरं सांगायचं तर नवीन जेट काही डॉलरला मिळतो, दोन-तीन प्रयत्नांत साफ होत नसेल तर सरळ नवीन घाला.

जेट साफ झाला म्हणजे कार्ब साफ झाला असं नाही. पायलट सर्किटच्या वाटा बॉडीच्या आत असतात आणि स्लाइडच्या खाली अगदी छोट्या भोकांतून बाहेर पडतात. एअर स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारा आणि ती भोकं बघत राहा, प्रत्येकातून धार आली पाहिजे. डोळ्यांवर गॉगल हवाच, हे केमिकल उलट उडून थेट डोळ्यातच येतं. रबरी वस्तू क्लीनरमध्ये टाकायच्या नाहीत, फुगतात. बाउलच्या हवेच्या नळ्या पण बघा, बर्फाने किंवा कचऱ्याने बंद झाल्या की बाउल भरतच नाही, मग स्लेड दहा मिनिटं चालून मरते आणि थोड्या वेळाने परत चालू होते.

केबल, स्विच आणि दोन कार्बची जुळणी

पोलारिसवाल्यांनी हे नीट वाचा. थ्रॉटल लिव्हरच्या ब्लॉकमध्ये एक सेफ्टी स्विच असतो, केबलवरचा ताण गेला म्हणजे कार्ब कुठेतरी उघडा अडकलाय असं समजून तो इंजिन बंद करतो. आता तुम्ही आयडल स्क्रू आत पिळला, स्लाइड वर गेली, केबल ढिली पडली, स्विचला वाटलं अडकलं, इंजिन बंद. मग तुम्ही अजून स्क्रू पिळता. अजून लवकर बंद. टेस्टपुरता त्या स्विचचा कनेक्टर काढून बघा, इंजिन आयडलला नीट थांबलं तर कार्बचा काही दोष नाही, केबलची ढील सेट करा, ती अगदी नावापुरती पाहिजे. कनेक्टर परत लावायचा, तसंच ट्रेलवर जायचं नाही, उघड्या थ्रॉटलने झाडाकडे जाणारी स्लेड आपोआप थांबवायलाच तो स्विच आहे. यामाहात अशीच सिस्टीम टॉर्स नावाने येते.

जुळणी करायला इंजिन बंद ठेवून एअरबॉक्सच्या बाजूने दोन्ही कार्बमध्ये बोटं घाला आणि कुणाला तरी थ्रॉटल अगदी हळू दाबायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. बोटाला हा फरक डोळ्यापेक्षा चांगला कळतो. बंद अवस्थेतली फट सारखी करायला एकाच मापाच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू दोन्ही स्लाइडखाली घालून बघा, मग पूर्ण दाबून दोन्ही स्लाइड पूर्ण वर जातात ना ते पण बघा.

आणि केबलला हात लावलात की ऑइल पंपाची केबल तपासायचीच. तीच थ्रॉटलबरोबर ऑइल कमी-जास्त करते, पंपाच्या लिव्हरवर आणि बॉडीवर खुणा असतात, त्या नक्की कुठल्या पोझिशनला जुळायला हव्यात ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

आता आयडल

इथपर्यंत सगळं झालं असेल तरच. एअर स्क्रू हळूच आत टेकवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे वेटोळे बाहेर काढा, साधारण एक ते दीड असतात. व्हीएम मध्ये हा हवेचा स्क्रू आहे, बाहेर काढला की लीन, आत घातला की रिच. काही दुसऱ्या कार्बवर त्याच कामाला पेट्रोलचा स्क्रू असतो, इंजिनच्या बाजूला, त्याचा हिशोब बरोबर उलटा, तेव्हा आपल्याकडे कुठला आहे ते आधी बघा.

इंजिन गरम करा, दोन्ही आयडल स्क्रू सारखे सारखे फिरवून ते कसंबसं स्थिर चालेल असं आणा. मग एका कार्बचा एअर स्क्रू पाव-पाव वेटोळ्याने फिरवत जा, प्रत्येक वेळी थोडं थांबा, टू-स्ट्रोकला प्रतिसाद द्यायला काही सेकंद लागतात. जिथे आरपीएम सगळ्यात वर जातो तिथे सोडा, दुसऱ्या कार्बलाही तसंच करा, मग आयडल स्क्रू दोन्हीकडून सारखे बाहेर काढून आरपीएम परत ठरलेल्या आकड्यावर आणा. आता थ्रॉटल टचकन दाबून सोडा. भप्प करून अडखळलं तर एअर स्क्रू एक अष्टमांश आत घ्या. सोडल्यावर आरपीएम वर लटकत राहिला तर लीनच आहे, परत मागे जा.

सगळ्यात चांगला आयडल अर्ध्या वेटोळ्याच्या आतच मिळत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. अडीचच्या बाहेर जाऊन मिळत असेल तर एक नंबर लहान. मेन जेटला यात हात लावायचा नाही, मेन जेट पाऊण थ्रॉटलच्या पुढे काम करतो, आयडलशी त्याचा काही संबंध नाही.

थंडी आणि उंची

हवा जेवढी थंड तेवढी दाट, तेवढं पेट्रोल जास्त लागतं. मॅन्युअलमध्ये किंवा हुडखाली तापमान आणि उंचीचा तक्ता असतो, वीस फॅरनहाइटला बरोबर बसलेला जेट उणे वीसला लीन पडू शकतो. उलट इथली स्लेड ट्रेलरवर टाकून मोंटानात वेस्ट यलोस्टोनला नेलीत तर तिथली उंची साडेसहा हजार फुटांच्या वर, हवा विरळ, स्लेड एकदम रिच होणार, काळा धूर, आयडल खाली. तिथे जेट बदलायचे आणि परत आल्यावर आठवणीने परत मोठे घालायचे. हे विसरलेल्या स्लेड मार्चमध्ये स्वस्तात विकायला येतात, पिस्टनला भोक असलेल्या.

कार्बमध्ये बर्फ धरणं हे कडाक्याच्या थंडीपेक्षा वीस-तीस फॅरनहाइटच्या दमट दिवशी जास्त होतं, कारण फार थंडीत हवा कोरडी असते. लक्षण असं की स्लाइड अडकते, थ्रॉटल सोडला तरी परत येत नाही. किल स्विच दाबा, थांबा, इंजिनच्या उष्णतेने वितळू द्या. काही लिक्विड-कूल्ड मॉडेलला कार्ब गरम ठेवायला कूलंटची नळी असते, तिचा कॉक बंद तर नाही ना बघा. बिनइथेनॉलचं पेट्रोल वापरत असाल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलवालं डी-आयसर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालता येतं. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये वरून अजून अल्कोहोल ओतत बसू नका.

एप्रिलमध्ये स्लेड ठेवून देताना टाकीत स्टॅबिलायझर घाला, इंजिन थोडं चालवा म्हणजे ते कार्बपर्यंत पोचेल, मग बाउलच्या तळाचे बोल्ट उघडून बाउल रिकामे करा आणि एअरबॉक्सच्या तोंडाला जाळी बांधा, उंदरांसाठी.